चाळीस किलोची अट

माझी धाकटी बहीण नर्सिंगची पदवीधर झाली, याचं श्रेय मी बरीच वर्षं चारचौघांत स्वतःकडे घेत आलो. आता वय झालंय, खोटं बोलताना दम लागतो, म्हणून खरं सांगून टाकतो. ती पोरगी आणि ती पदवी यांच्यामध्ये एकच अडथळा होता, आणि तो मी होतो.

तेव्हा जालना हा जिल्हा नव्हता. औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. मी तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका भुसार अडतीवर मापाडी होतो. शेतकऱ्याचं पोतं हमालांनी काट्यावर टेकवलं की सुई बघायची आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, एवढंच काम. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाल्यावर मला त्याहून अवघड काम कोणी दिलंही नसतं. पण आवाज खणखणीत होता. मी "ब्याण्णव" म्हटलं की पार रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला कळायचं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद. वडील तिथंच दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून घरात त्यांचा एकच कायदा होता: उपाशी राहिलात तरी चालेल, शाळा चुकवायची नाही. मी शाळा न चुकवता नापास होऊन दाखवलं. बहिणीनं मात्र तो कायदा फार मनावर घेतला. ती जालन्याच्या कॉलेजात सायन्स घेऊन पीयूसी, म्हणजे मॅट्रिकनंतरचं कॉलेजचं पहिलं वर्ष, पास झाली. आम्ही दोघं जुन्या जालन्यात एका खोलीत राहायचो आणि आमची भाकर थापायला माय गावाहून येऊन राहिली होती.

बहिणीच्या डोक्यात नर्स व्हायचं खूळ गावातल्या नर्सबाईंनी घातलं होतं. त्यांनीच तिला सांगितलं की आता नर्सिंगचं नुसतं ट्रेनिंग नाही, चार वर्षांची पदवीही असते. बहिणीनं मुंबईच्या एका कॉलेजला स्वतः पत्र टाकून माहितीपुस्तक मागवलं. ते इंग्रजीत होतं. तरी घरातला कर्ता मी, म्हणून आधी मीच ते हातात घेतलं, पंधरा मिनिटं गंभीर चेहऱ्यानं चाळलं, आणि "ठीक दिसून राह्यलं" असं म्हणून तिच्याकडे दिलं. ती हसली नाही. तिनं फक्त पुस्तक सुलटं केलं.

मग ती एकेक अट मराठीत सांगू लागली आणि माय चुलीपुढून ऐकू लागली. वय सतरा पूर्ण पाहिजे. पीयूसीला जीवशास्त्र आणि इंग्रजी पाहिजे. देवीची लस टोचल्याचा वण दंडावर पाहिजे. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मोठ्या अधिकाऱ्याच्या सहीचा पाहिजे. उंची पाच फूट, वजन कमीत कमी चाळीस किलो. हे सगळं आत शिरण्यापुरतं. बाहेर पडायच्या अटी शेवटच्या पानावर होत्या: चार वर्षं वसतिगृहात राहायचं, वॉर्डातल्या ड्यूट्यांचे तास भरायचे, दिवसपाळी-रातपाळी दोन्ही, काही महिने खेड्यात जाऊन घरोघर फिरायचं, दरवर्षी परीक्षा, वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं करून वहीत नोंदवायची, आणि पदवी मिळेपर्यंत लग्न करायचं नाही.

मायचा हात परातीतच थांबला. "वीस बाळंतपणं करायची अन् सोता कुवार राह्यची? असलं कसलं कॉलेज म्हणायचं बाई."

"माय, बाळंतपणं दुसऱ्यांची करायची."

"ते कळतंय मला. पण लोकाला काय सांगू मी?"

लोकांना काही सांगायची वेळ आली नाही, कारण मायनं दुसऱ्याच दिवशी गल्लीभर सांगून टाकलं होतं, आणि तेही छाती काढून.

कागद जमवायचं काम मी अंगावर घेतलं. वर्तणुकीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये गेलो. कारकुनानं विचारलं, नाव? मी सांगितलं. वय? सांगितलं. धंदा? सांगितला. तीन खेटे घालून सहीशिक्क्याचा दाखला घरी आणला. बहिणीनं तो वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला. तो माझ्या वर्तणुकीचा दाखला होता. मी सांगितलेलं नाव माझं, वय माझं, धंदा माझा. तिचा दाखला मग तिनंच जाऊन एका हेलपाट्यात आणला. माझा अजून ट्रंकेत आहे. माझं वर्तन चांगलं असल्याचा तेवढाच एक लेखी पुरावा.

जूनमध्ये मुंबईहून पत्र आलं. यादीत नाव लागलं होतं. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सगळे मूळ कागद आणि सरकारी डॉक्टरचं तब्येतीचं प्रमाणपत्र घेऊन हजर व्हायचं. न झाल्यास जागा खालच्या मुलीला. पत्र वाचून बहीण म्हणाली, उद्याच सरकारी दवाखान्यात जाऊन प्रमाणपत्र घेऊ. शहाणी मुलगी. तिचं ऐकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

मी म्हणालो, थांब. ती अंगानं काटकुळी होती. नेसलेली साडी सोडली तर आत कितीशी पोरगी निघेल, याची मला धास्ती होती. दवाखान्यात वजन कमी भरलं आणि डॉक्टरनं एकदा कागदावर लिहिलं की संपलं. आपल्या हाताशी अख्ख्या मोंढ्यातला सगळ्यात बराबर काटा असताना आधीच वजन करून का बघू नये? ही अक्कल मला सुचली याचा मला इतका आनंद झाला की मी तिला तशीच मोंढ्यात घेऊन गेलो.

दुपारची वेळ, लिलाव आटोपलेले. चार-पाच हमाल पोत्यांवर पडले होते, ते उठून बसले. बहीण काट्याच्या फळीवर चढली, डोलायला लागली, म्हणून साखळी धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सुई तिच्या पाठीमागं. मी सुईपुढं उभा राहिलो आणि सहा वर्षांच्या सवयीनं पुकारलं: "एकोणचाळीस."

हमालांनी माना हलवल्या. एक म्हातारा हमाल म्हणाला, "एक किलोनं मार खाल्ला पोरीनं." बहीण खाली उतरली. तिचा चेहरा पाहून मीच म्हणालो, काळजी करू नको, हातात आठ दिवस आहेत, एक किलो म्हणजे काय.

त्या आठ दिवसांत आमच्या खोलीत जे चाललं त्याला जेवण म्हणता येणार नाही. सकाळी गूळ-शेंगदाणे. मग ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, वर तूप. दुपारी शिरा. चार वाजता केळी. संध्याकाळी पुन्हा भाकरी, पुन्हा गूळ. माय रोज काहीतरी गोड रांधायची आणि मी समोर बसून पोरीचे घास मोजायचो. तिनं हात आखडता घेतला की मी मुंबईचं पत्र उघडून दाखवायचो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दादा, पोळ्याला अजून दोन महिने हायेत. आत्तापासून काहून चारून राह्यला मला?"

ती रोज म्हणायची, आज दवाखान्यात जाऊ. मी रोज म्हणायचो, अजून थोडं वाढू दे. तिला पुन्हा काट्यावर का नाही चढवलं, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे: चुलीवरचं सारखं उघडून पाहू नये असा माझा समज होता. असं करता करता आठवा दिवस संपला. नववा उजाडला तेव्हा कुठे मी निघायला तयार झालो. मुंबईला जायचं तर दहाव्या दिवशी गाडीत बसून चालणार नव्हतं. उशिरात उशिरा नवव्या दिवशी दुपारची मनमाडची गाडी, तिथून रात्रीची मुंबईची. म्हणजे प्रमाणपत्र सकाळी घेतलं की दुपारी गाडी. हिशेब अगदी काटेकोर होता. तो माझा होता, एवढाच त्यातला दोष.

दवाखान्याच्या वाटेवर मी शेवटचा नेट लावला. चौकातल्या हलवायाकडून अर्धा किलो पेढे, गाड्यावरची सहा केळी आणि रसवंतीत उसाच्या रसाचे तीन ग्लास. तिसऱ्या ग्लासाला ती म्हणाली, "आता चालले तर आतून आवाज येतो मला." मी म्हणालो, येऊ दे, आवाजालाही वजन असतं.

दवाखान्यात डॉक्टर वयस्कर होते, शांत. त्यांच्या शेजारी एक सिस्टर होत्या, पांढऱ्या साडीतल्या, कडक. त्यांनी बहिणीला वजनाच्या यंत्रावर उभं केलं आणि म्हणाल्या, "त्रेचाळीस."

मी ताडकन उठलो. आनंदानं नाही, मापाडी म्हणून. आठ दिवसांत चार किलो? ज्वारीही इतकी फुगत नाही. मी सिस्टरांना नम्रपणे सांगितलं की तुमचं यंत्र खराब आहे. आमच्या मोंढ्यातल्या काट्यावर ही एकोणचाळीस भरली होती आणि तो काटा कधी चुकत नाही.

सिस्टरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "वजन कोणी केलं?"

"मीच. मापाडी हाय मी."

"मग तुम्हीच उभे राहा यंत्रावर. बघू कुणाचं खराब आहे."

मी चपला काढून उभा राहिलो. सुई हलली, थरथरली, थांबली. मी तिच्याकडे पाहिलं आणि तोंडानं आपोआप पुकारलं: "चौपन्न."

सिस्टर वाकून बघत म्हणाल्या, "सुई तर छप्पन्नवर आहे."

"बराबर हाय," मी म्हणालो. "छप्पन्न भरलं, म्हणून चौपन्न."

मला अजूनही काही कळलं नव्हतं. कळलं ते माझ्या बहिणीला. मोंढ्याची रीत तिला माझ्याच तोंडून पाठ होती: प्रत्येक पोत्यामागं एक किलो बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनाचा, आणि एक किलो कडत्याचा, म्हणजे खडा-माती-ओल यांच्या नावानं कापायचा. मापाडी हे दोन किलो मनातल्या मनात वजा करतो आणि उरलेलंच पुकारतो. सुईवरचा आकडा पुकारायची सवयच त्याला नसते, आणि हमालांना ऐकायची नसते.

ती सावकाश म्हणाली, "दादा. तू माझा कडता कापला?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. ते आधी नुसते खांद्यानं हसले, मग टेबलावर हात टेकून हसले. सिस्टर कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण त्यांची पाठ हलत होती. "अहो, बारदान तरी समजू शकतो," डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "पण हिच्यात खडा-माती कुठं सापडली तुम्हाला?" मी यंत्रावरून उतरलो. म्हणजे पोरगी पहिल्या दिवशी एक्केचाळीस होती. अटीपेक्षा एक किलो वर. मीही हसायला लागलो, कारण त्या खोलीत मी एकटाच न हसणारा राहिलो असतो तर फार वाईट दिसलं असतं. बहीणसुद्धा हसली. वजन, उंची, छाती, डोळे, दंडावरचा वण, सगळं भराभर उरकलं. राहिली होती फक्त लघवीची तपासणी.

सिस्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थोडी लघवी टाकली आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायला धरली. मी हसतच बघत होतो. निळं औषध हिरवं झालं. मग त्या हिरव्यात पिवळटपणा आला.

सिस्टरांनी नळी डॉक्टरांपुढं धरली. डॉक्टर हसायचे थांबले.

"साखर आहे," ते म्हणाले. "ही सही मी करू शकत नाही."

साखरेचा आजार असलेल्या मुलीला चार वर्षांच्या ड्यूट्या झेपतील असं कोणताही डॉक्टर लिहून देणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. बहीण खुर्चीवर बसली. तिचे हात मांडीवर एकावर एक होते आणि ती नळीकडे बघत होती. मग डॉक्टरांनी विचारलं, आज सकाळपासून काय खाल्लं? तिच्याआधी मीच सांगायला लागलो. पेढे, केळी, रस. डॉक्टरांनी विचारलं, काल? कालचं सांगितलं. परवा? परवाचं सांगितलं. मधल्या एका शिऱ्यापाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"हे सगळं तुम्ही चारलंत?"

"वजनासाठी."

त्यांनी लिहिलेला कागद बाजूला सरकवला. नंतर म्हणाले की एवढं गोड एकदम पोटात गेलं तर धडधाकट माणसाच्या लघवीतही कधी कधी साखर उतरते. उतरली असेल किंवा खरोखरच आजार असेल. आज सांगता येणार नाही. आजच्या दिवसात गोडाचा कण नको, रात्री साधी भाकर-भाजी, मग सकाळपर्यंत काही नाही. उद्या सकाळी सात वाजता या. औषध निळं राहिलं तर सही, हिरवं झालं तर नाही.

उद्या म्हणजे दहावा दिवस. संध्याकाळी पाचला मुंबईतलं कॉलेज बंद होणार आणि जागा खालच्या मुलीला जाणार. मी हे सांगितल्यावर सिस्टर आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कॉलेजला तार करा: प्रमाणपत्र येत आहे, एक दिवस द्या. द्यायचा की नाही ते त्यांच्या हातात.

तार केली. घरी आलो. मायला सगळं सांगितलं. तिनं फक्त गुळाचा डबा उचलून शेजारणीकडे ठेवायला नेला, जणू तो आपणहून पोरीच्या तोंडात शिरेल.

बहीण ट्रंकेपाशी बसून भरलेले कपडे पुन्हा घडी करत होती. मी माफी मागायला शब्द जुळवत होतो, पण माफी कशाकशाची मागायची याची यादीच लांबत चालली होती. तीच बोलली.

"कमी भरले असते तर म्हणले असते, आपल्या नशिबात न्हाई. पण मी बराबर होते दादा. पहिल्याच दिवशी बराबर होते."

संध्याकाळी तिच्याबरोबर मीही गोड सोडलं. चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला. त्याचा तिच्या लघवीवर काही परिणाम होणार नाही हे मला कळत होतं. पण हातात दुसरं काही नव्हतं.

सकाळी सातच्या आधीच आम्ही दवाखान्याच्या पायरीवर होतो. सिस्टर आल्या, दार उघडलं, मागोमाग डॉक्टरही आले. नळीत निळं औषध घेतलं आणि दिवा पेटवून त्यांनी नळीचा चिमटा बहिणीच्या हातात दिला.

"घे. तुलाच करायचंय पुढं. आठ थेंब टाक. नळीचं तोंड स्वतःकडे धरू नको आणि भावाकडेही नको."

बहिणीनं मोजून आठ थेंब टाकले. नळी तिरपी धरून ज्योतीवर नेली. तिचा हात हलत नव्हता. मीच हलत होतो, इतका की सिस्टरांनी मला टेबलापासून लांब उभं केलं. औषध उकळायला लागलं. बुडबुडे वर आले. मला त्यात एकदा हिरवं दिसलं, एकदा पिवळं दिसलं, एकदा तर लाल दिसलं. मग उकळी मोठी झाली आणि तरीही ते निळंच होतं.

"निळं," मी पुकारलं. माझा मोंढ्यातला आवाज पूर्ण दवाखान्यात घुमला. बाहेर रांगेतली माणसं आत डोकावली.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं नळी दिव्यावरून काढली, स्टँडमध्ये ठेवली आणि हात मागं घेतले.

"निवू दे आधी," ती म्हणाली. "निवल्यावर बघायचं असतं. पीयूसीच्या पुस्तकात हाय तसं."

सिस्टरांनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा उघड हसल्या. आम्ही चौघं त्या नळीभोवती उभे राहिलो. त्या दोन मिनिटांत मी जितकं गप्प राहिलो तितका आयुष्यात कधी राहिलो नाही. औषध निवलं. निळं, स्वच्छ, पावसाळा संपल्यावरच्या आभाळासारखं.

डॉक्टरांनी सही केली. मी प्रमाणपत्र घ्यायला हात पुढं केला, तर बहिणीनं ते मधेच घेतलं.

"आण इकडं. तुझ्याजवळ राह्यलं तर त्यालाही काहीतरी चारशील."

दुपारच्या गाडीत आम्ही दोघं होतो. माय प्लॅटफॉर्मवर उभी राहून सगळ्या अनोळखी बायांना सांगत होती की पोरगी वीस बाळंतपणं करायला मुंबईला चालली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही कॉलेजच्या खिडकीपुढं होतो. तार पोचली होती. आत बसलेल्या कारकुनाच्या टेबलावर ती दिसत होती, आणि तिच्यावरचा लाल शेरा बहिणीनं वाचून दाखवला: एक दिवस मंजूर. त्यानं हात पुढं करून कागद मागितले. एकेक लावून घेतला. तब्येतीच्या प्रमाणपत्राशी आला. वजनाच्या रकान्याकडं त्यानं बघितलंच नाही. शिक्का तेवढा अंगठ्यानं घासून पाहिला, पुसट नाही ना म्हणून, आणि टाचणी मारली.

"मुलगी आत जाऊ दे," तो म्हणाला. "तुम्ही इथंच थांबा. पुरुषांना आत प्रवेश नाही."

बहीण ट्रंक उचलून आत गेली. माझ्याच मेहेरबानीनं चांगली त्रेचाळीस किलोची होऊन, ताठ मानेनं गेली.